तिसरी रांग, सातवी कबर

ज्या दिवशी माझ्या मुलाला मातीत ठेवलं, त्या दिवशी मी एका भिंतीचा गिलावा पुरा केला. वाकोल्यातच, घरापासून दहा मिनिटांवर, एका चाळीच्या मागची भिंत. दुपारी माल कालवून ठेवला होता. सिमेंट कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही. चार वाजता देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, मर्तिकाची घंटा झाली. एक टोला, मग लांब थांबणं, मग दुसरा. मी गिलाव्यावर लाकडी रंधा फिरवत राहिलो. भिंत चांगली झाली. अजून उभी आहे.

लोक म्हणाले, बापाचं काळीज दगडाचं. म्हणू देत. मी कुणाला काही सांगायला गेलो नाही. आता सांगतो, कारण आता विचारणारे बरेचसे गेले.

मी म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही. पण ओळंबा धरला की माझी भिंत सूतभर हलत नाही, हे वाकोल्यात कुणालाही विचारा. आमचा मुलगा माझ्या हाताखाली तयार झाला. सोळाव्या वर्षी माझ्याच परांचीवरून पडला, गळ्याखालचं आडवं हाड मोडलं, जुळताना तिथे गाठ राहिली. मी तेव्हाही त्यालाच ओरडलो होतो, बघून पाय ठेवता येत नाही का म्हणून. पुढे त्याने गवंड्याची करणी खाली ठेवली आणि साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ मशीनवर लागला. मला विचारलं नाही. मला कळलं ते शेजाऱ्याकडून.

इस्टरच्या दिवशी जेवताना विषय निघाला. ताटात मैद्याचे तळलेले फुगे होते, डुकराचं मटण होतं. मी म्हटलं, "बापाच्या हातातलं काम तुला हलकं वाटतं?"

तो हसत म्हणाला, "पप्पा, तुमच्या विटा आता कोण बघतो? चार पिलर उभे केले की बिल्डिंग तयार. तुम्ही कोपरे घासत बसा."

हसत म्हणाला. हसण्यावारी नेता आलं असतं. पण माझे कोपरे म्हणजे माझी सही. गिलाव्याचा बाहेरचा कोपरा इतर गवंडी धारदार सोडतात, मग तो आदळून फुटतो. मी ओला असताना अंगठ्याने गोल करतो. वरून खाली एकदाच, मध्ये न थांबता. त्याला ते मीच शिकवलं होतं.

मी उठलो. भिंतीवर आमचा अल्तार होता, येशूची तसबीर, समोर दिवा. त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "बापाला हसतोस? देवाचा कोप होईल तुझ्यावर. बघशील. या दारात पाय ठेवू नकोस."

माझी बायको म्हणाली, "सणाच्या दिवशी काय बोलतोस रे हे? शब्द मागे घे."

मी घेतला नाही. तो उठला, हात धुतले, शर्ट घातला आणि गेला. साकीनाक्यालाच मित्रांबरोबर राहायला लागला. बायको जाऊन भेटून यायची. मला सांगायची नाही, पण डबा घेऊन गेली की मला कळायचं. मी म्हणायचो, येईल आपणहून.

पावसाच्या शेवटी त्याला कावीळ झाली. मित्रांनी कुणाचा तरी झाडपाला आणून पाजला. आठ दिवस तेच. मग हॉस्पिटलात नेला तेव्हा बायको गेली. मी म्हटलं, बरा झाला की येईल. तो आला नाही. पेटी आली.

आता मी त्या दिवशी का गेलो नाही ते सांगतो. दगडाचं काळीज वगैरे काही नव्हतं. माझं गणित साधं होतं. मी देवाचा कोप मागितला, देवाने तो दिला. आयुष्यात मी देवाकडे कमी मागण्या केल्या काय? आई आजारी होती तेव्हा मेणबत्त्या लावल्या, एकही कामी आली नाही. आणि रागाच्या भरात तोंडातून निघालेली ही एक, ती बरोबर ऐकली. मी बोललो ते बोललो, माणूस आहे. त्याने ऐकायला नको होतं. ज्याने माझ्या तोंडचा शब्द असा खरा केला त्याच्या अल्तारासमोर मी मान खाली घालून उभा राहणार नव्हतो. मी देवाशी अबोला धरला.

देऊळ सोडलं नाही. सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, घाबरला. दर रविवारी मिस्साला, देवळातल्या प्रार्थनेला, जायचो आणि बाहेर आंब्याखाली उभा राहायचो. तसे बाहेर उभे राहणारे पुष्कळ होते, बिडी ओढत. ते आळसाने उभे राहायचे, मी ठरवून. कुमसारालाही, फादरपुढे पाप सांगायला, गेलो नाही. पाप सांगायचं तर मी आणि देव, दोघांनी सांगावं, असं माझं म्हणणं होतं.

रडू आलं नाही. त्याचं मला नवल वाटत नाही. कामावर जायचो, जेवायचो, झोपायचो. हाताला चुना लागून कातडी मरते, बोटाला गरम गार कळत नाही, तसं सगळं होतं. बायको अल्तारापुढे बसून तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणायची, मी ओट्यावर बसून पाय धुवायचो. ती आमच्यातली बोलणारी होती. तीही कमी बोलायला लागली.

नोव्हेंबरात मेलेल्यांचा दिवस येतो. आमच्यात त्याआधी सगळे सिमेट्रीत जाऊन कबरी साफ करतात, चुना लावतात, त्या संध्याकाळी मेणबत्त्या. पहिल्या वर्षी बायकोने मला विचारलं नाही. पण कुंपणावरून शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "भिंतीकडून तिसरी रांग, त्यात सातवी."

मी दोन दिवस आधी गेलो. भर दुपारी, तेव्हा तिथे कुणी नसतं. पिशवीत करणी, थोडा माल, चुन्याचा डबा. रस्त्याकडच्या फाटकातून शिरलो, तिथल्या भिंतीकडून तिसरी रांग मोजली, सातवी कबर. मातीचा उंचवटा, वर लोखंडी क्रूस, त्यावर पत्र्याची पाटी. पाटी इंग्रजीत. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. नंबर वाचता आला, पण आपला नंबर कोणता ते मला कुठे माहीत होतं? बायकोला विचारायला हवं होतं. तिला कशाला विचारू? मी येणार नाही म्हणालो होतो ना.

विटा उभ्या रोवून चारी बाजूंनी कड केली. गिलावा केला. कोपरे गोल केले. चुना मारला. प्रार्थना म्हटली नाही. कुणी म्हणेल, हा पश्चात्ताप. तसलं काही नव्हतं. गवंड्याच्या घरातली कबर कडेशिवाय राहिली तर ते मला शोभत नव्हतं, एवढंच.

घरी आलो तेव्हा मला वाटलं, संध्याकाळी मेणबत्ती लावायला गेली की तिला दिसेल. काहीतरी बोलेल. ती जाऊन आली. बोलली नाही. मी म्हटलं, नको बोलूस. दुसऱ्या वर्षी पुन्हा चुना मारला, एक वीट हलली होती ती बसवली. ती बोलली नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. मग माझ्याही मनात बसलं की ही माझ्यावर जन्माची रागावली, कबर बांधून दिली तरी हिला दिसत नाही.

असे आम्ही एका घरात राहत होतो.

चौथ्या वर्षी उपवासाच्या दिवसांत एका रविवारी मी आंब्याखाली उभा होतो. कर्ण्यातून फादरचा आवाज यायचा. त्या दिवशी त्याने जलप्रलयाची गोष्ट घेतली. लहानपणापासून ऐकलेली. माणसं बिघडली, देव रागावला, पाणी सोडलं. मी मनात म्हटलं, बरोबर, हाच तो. पण फादर म्हणाला की पाणी सोडण्याआधी काय लिहिलंय ते आपण ऐकतच नाही. लिहिलंय की देवाला मनातून दुःख झालं. माणूस केला याचा त्याला पस्तावा झाला.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे शंभरदा कानावर पडलं असेल, ऐकलं नव्हतं.

मिस्सानंतर नोटिसा वाचतात. त्यात सिमेट्रीची आली. आमच्या सिमेट्रीत जागा कमी. कबर तीन वर्षांनी उघडतात, हाडं काढतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. घरच्यांना हवं असेल तर हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, नाहीतर हाडांच्या विहिरीत सोडायची. मुंबईत मेल्यावरही खोली खाली करावी लागते. फादरने नंबर वाचले. माझ्या बायकोने आत बाकावरून वळून दाराकडे पाहिलं, मला बाहेरून दिसलं.

फादर अंगणात लोकांशी बोलत होता. वयाने माझ्यापेक्षा लहान, वसईकडचा, तोंडाने फटकळ. लोक पांगल्यावर मी गेलो.

म्हटलं, "फादर, एक विचारायचंय. देव रागावतो की दुःखी होतो? एक काय ते सांगा."

"मिस्त्री, तीन वर्षांनी बोललात. आंबा बरा आहे ना?"

"चेष्टा नको. मी इस्टरला पोराला म्हणालो देवाचा कोप होईल. सहा महिन्यांत गेला. तो कोप नाही तर काय?"

"ती कावीळ. आठ दिवस पाला पीत पडला, डॉक्टरकडे उशिरा नेला. त्यात देवाचा राग कुठून काढलात?"

"मग देव काय करत होता तेव्हा?"

"रडत असेल."

"त्याला रडायला काय झालं? हात आहेत ना त्याला?"

फादरने चष्मा काढून झग्याला पुसला. मला वाटलं, हरवलं याला. मग म्हणाला, "याचं उत्तर माझ्याकडे नाही, मिस्त्री. असतं तर मी वसईत केळी लावली असती, इथे कशाला आलो असतो? पण तुम्ही इस्टरला पोरावर ओरडलात, तेव्हा तुम्हाला राग आला होता की वाईट वाटलं होतं? एक काय ते सांगा."

सायकल घेऊन घरी आलो.

बायको भाजी चिरत होती. म्हणाली, "कोनाडा घ्यायचा. मी सांगून आले. शनिवारी सकाळी उघडणार आहेत. मी जाते. तू राहू दे."

"मी येतो."

विळी थांबली. "तू?"

"मला कबर माहीत आहे."

"तुला कशी माहीत?"

मी म्हटलं, "आहे माहीत," आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मनात म्हटलं, ढोंग बघा हिचं.

शनिवारी गेलो. तिने नवी पांढरी उशीची खोळ आणली होती, हाडं ठेवायला. पेटी मी फळ्यांची केली होती. फाटकातून शिरलो तसा मी सरळ तिसऱ्या रांगेत सातव्या कबरीपाशी जाऊन उभा राहिलो. विटांची कड तशीच, एकही कोपरा फुटलेला नाही. तिथे एक बाई आधीच उभी होती. म्हातारी, लुगडं नेसलेली, आमच्याच गावठाणाच्या पलीकडच्या अंगाची, तोंडओळखीची. मी म्हटलं, असेल कुणीतरी.

माझी बायको थांबली नाही. पुढे चालत गेली, सिमेट्रीतल्या छोट्या चॅपेलच्या बाजूच्या भिंतीकडे.

मी हाक मारली, "अगं, इकडे!"

ती वळली. "तिकडे कुठे? इथे आहे तो."

कबर खोदणारा मालवणकडचा होता, हातात यादी. त्याने माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. म्हणाला, "मिस्त्री, तुमची ही न्हय. ही ह्या बायच्या घोवाची. तुमची थंय, चॅपेलच्या भिंतीकडसून तिसरी रांग."

अंत्ययात्रा चॅपेलच्या दाराने आत येते. बायको त्या दाराने आली होती. त्या दिवशी तिच्यामागून चाललो असतो तर मीही त्याच भिंतीकडून रांगा मोजल्या असत्या.

मी उभाच राहिलो. पाय उचलायला हवा हे कळत होतं. बायको मागे फिरून आली तशी म्हातारी तिला म्हणाली, "बाय, तुला सांगते. माझा नवरा दारूत गेला. फादर येईपर्यंत संपला. कुमसार नाही, काही नाही. मी रात्रंदिवस म्हणायचे, देव कोपला असणार ह्याच्यावर, ह्याला काय घेतो तो आत? मग पहिल्या वर्षी मेणबत्ती लावायला आले तर हे बांधलेलं. पांढरं. मला तर कोण नाही. मी सगळ्यांना विचारलं, कोणी केलं नाही. दर वर्षी नवा चुना. मग मी म्हटलं, कोपला असता तर त्याने असं कोणाच्या हातून करवलं असतं काय?"

माझी बायको कबरीकडे बघत होती. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा मी केलेला. त्याच्या कोपऱ्यावर तिने वीस वर्षं फडकं फिरवलं. तिने वाकून उजव्या कोपऱ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

माझं काम दुसऱ्याच्या नावावर मी जन्मात जाऊ दिलं नव्हतं. एका कंत्राटदाराने माझी भिंत स्वतःची म्हणून दाखवली तेव्हा भर रस्त्यात त्याची कॉलर धरली होती. ह्या वेळी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारीला एवढंच म्हणालो, "चांगलं बांधलंय."

"बघ ना," ती म्हणाली.

खोदणाऱ्याने कुदळ मारली तेव्हा कड मोडली. चांगल्या मालाची होती, चार घाव लागले. म्हातारीला कोनाडा नव्हता, तिच्या नवऱ्याची हाडं विहिरीत जायची होती. तिने मोडलेल्या विटांतून एक कोपरा उचलला, गोल केलेला, आणि पदरात बांधला. पुढे एकदा तिच्या घरची गळकी मोरी दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा तो तुकडा तिच्या अल्तारावर दिव्याशेजारी ठेवलेला पाहिला. म्हणाली, "मिस्त्री, तेवढं हलवू नका हां." मी हलवलं नाही.

मग आमची. चॅपेलच्या बाजूची. मी पहिल्यांदा पाहत होतो. कड नाही. माती खचून मध्ये खड्डा, गवत. क्रूस एका अंगाला कललेला. मेणाचे जुने थेंब, तीन वर्षांचे. गवंड्याच्या मुलाची कबर. खोदणारा उतरला. मी म्हटलं, "बाहेर ये. मी काढतो."

"अंकल, सवय नाय तुमका."

"ये म्हटलं ना."

उतरलो. एकेक हाड हातात घेतलं, माती पुसली, वर बायकोच्या हातात दिलं. काही वाटत नव्हतं. खरं सांगतो, वाटायला हवं हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. हलकी होती. मग गळ्याखालचं आडवं हाड हातात आलं. बोट फिरवलं तर मध्ये गाठ. मी ते वर दिलं नाही. किती वेळ धरलं ते माहीत नाही. बायको काठावरून म्हणाली, "दे रे." मग दिलं.

कोनाडाही मीच बंद करतो म्हटलं. पेटी आत सरकवली, लादी बसवायला माल कालवला. करणी हातात घेतली आणि थांबलो. फादरचा प्रश्न डोक्यात होता. राग आला होता की वाईट वाटलं होतं? मला वाईट वाटलं होतं. त्याने माझे कोपरे हसण्यावारी नेले म्हणून वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं हे सांगता येईना म्हणून देवाच्या नावाने रागावलो. माझा कोप मी देवाच्या अंगावर टाकला, मग तीन वर्षं त्याच्यावरच रुसलो. देवाला पस्तावा होतो, तो तसं लिहूनही ठेवतो. चौथी शिकलेल्या गवंड्याला एवढा कसला ताठा?

बायको म्हणाली, "माल सुकतोय."

मी म्हटलं, "त्या दिवशी तू म्हणालीस शब्द मागे घे."

"हं."

"मी चुकलो."

ती कोनाड्याकडे बघत होती. म्हणाली, "मला काय सांगतोस? लादी लावायच्या आधी त्याला सांग. आणि मोठ्याने सांग, त्या दिवशी मोठ्याने बोलला होतास."

सांगितलं. मोठ्याने. खोदणारा तिकडे कुदळ टेकवून उभा राहिला. मग लादी बसवली, कडेने माल भरला आणि कोपरा अंगठ्याने वरून खाली एकदाच ओढला. मध्ये अंगठा थांबला. तिथे एक खाच राहिली आहे. ती मी नंतर दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्साला आत गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. फादरने पाहिलं आणि मिस्सा सुरू केला. देव रागावला होता की नाही, रडला की नाही, ते मला अजून समजलेलं नाही. मी आणि देव पुन्हा बोलतो, एवढंच. कमी बोलतो.